बुधवारचे निरोप

गेल्या रविवारी आईला घेऊन गावी गेले होते. तिथल्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. सोनईच्या पुढं उसाच्या मळ्यांमधून आत वळणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. उपासना झाली. बाजरीची कणसं, भोपळे, शेवग्याच्या शेंगा, कुणाच्या तरी घरची पहिली केळी, असं सगळं वेदीपुढं मांडून झालं. पंगत उठली आणि आई म्हणाली, "चल, घराकडं जाऊन येऊ." नगरच्या सावेडीतल्या आमच्या फ्लॅटला ती कधी घर म्हणत नाही. तिथं गेली बारा वर्षं राहते आहे, पण त्याला ती 'तुझ्याकडं' म्हणते. घर म्हणजे हे.

हे म्हणजे पत्र्याची दोन घरं, एकमेकांना चिकटलेली. दोन दारं, एक अंगण. एका दारात आम्ही राहायचो, दुसऱ्यात माझे थोरले चुलते आबा आणि त्यांची बायको, जिला मी मोठीआई म्हणायची. आता दोन्ही दारांना कुलपं आहेत. आबा गेले, माझे वडील, दादा, तेही गेले, मोठीआईला जाऊन चार वर्षं झाली. तिचा मुलगा पुण्याला असतो. अंगणात शेवग्याचा पाला पडला होता आणि वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा तो आंबूस-गोड वास होता, जो बाहेरच्या माणसाला सहन होत नाही आणि आम्हांला आला की भूक लागते. आई पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले, आणि बसल्या बसल्या मला बुधवार आठवले.

लहानपणी बुधवार ओळखायला कॅलेंडर लागायचं नाही. दुपारपासूनच आमच्या गल्लीत तो यायचा. ज्या घरी त्या दिवशीची प्रार्थना असेल ते घर शेणानं सारवलं जायचं. गॅसबत्तीची काच राखेनं पुसली जायची. पोरींच्या डोक्यावर इतकं खोबरेल थापलं जायचं की ते कानामागून ओघळायचं. दिवस मावळला की निळ्या पट्ट्यांची मोठी सतरंजी एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या घरी जायची, मागून आबांची पेटी. गल्लीत आम्हां ख्रिस्ती लोकांची अकरा घरं होती, तेव्हा प्रत्येक घराला अकराव्या बुधवारी पाळी.

आधी भजनं. आबा पेटी वाजवायचे. तिची मधली एक पट्टी दाबली की सूर यायचा नाही, नुसती हवा यायची. त्यामुळं आमची सगळी गल्ली प्रत्येक गाण्यात त्या जागी सूर गाळून एक उसासा टाकायची. पुढं मी कॉलेजला नगरला गेले, तिथल्या मोठ्या चर्चमध्ये तीच गाणी ऐकली, आणि हे लोक चुकीचं गातात अशी माझी खात्री झाली.

भजनांनंतर शास्त्रवाचन, आणि मग प्रार्थना. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ज्याला आत्मा प्रेरणा देईल त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची. प्रार्थनेची भाषा वेगळी असायची. एरवी 'आमी', 'न्हाई', 'लई' बोलणारी माणसं डोळे मिटले की एकदम छापील बोलायची. 'हे दयाळू स्वर्गीय बापा, आम्ही तुझ्या चरणांशी लीन होतो.' मला लहानपणी वाटायचं, देवाला आपलं गावठी समजत नसेल.

मी सहा वर्षांची असताना आई आणि मोठीआई एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या. का, ते मला विचारू नका. आजवर मी चार कारणं ऐकली आहेत आणि त्यांतल्या तीनांत लोणचं येतं. त्या बोलायच्या बंद झाल्या आणि सात वर्षं बोलल्या नाहीत, एवढंच खरं.

आता, एक अंगण, एक नळ, एक वाळत घालायची दोरी आणि दोन्ही घरांत मिळून एक म्हैस, असं असताना दोन जावांनी न बोलता राहणं सोपं नाही. मुलांकरवी निरोप पाठवायचा तर त्यात कमीपणा. पहिले काही महिने भांडी आपटण्यावर भागलं. आमच्याकडं पातेलं आपटलं की पलीकडं झाकण आपटायचं. पण झाकणाला काही फार बोलता येत नाही.

मग एका बुधवारी, प्रार्थना आमच्या घरी असताना, आईनं सुरुवात केली. देवाचे आभार मानले, आजाऱ्यांची आठवण केली, आणि त्याच सुरात पुढं म्हणाली, "हे सर्वज्ञ प्रभू, तू सर्व काही पाहतोस. कोणाच्या कोंबड्या कोणाच्या वाळवणात शिरतात, हेही तुझ्यापासून लपलेलं नाही."

मंडळी आमेन म्हणाली. सवयीनं. आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाकडून मोठीआईचा शांत, भरदार आवाज आला.

"हे न्यायी देवा, कोंबडी हे मुकं जनावर आहे. तिला हद्द कळत नाही. परंतु वाळवण कुठं घालावं, हे कळण्याइतकी बुद्धी तू माणसाला दिली आहेस, याबद्दल आम्ही तुझे मनापासून आभार मानतो."

मंडळी पुन्हा आमेन म्हणाली. म्हणणार नाही तर काय करणार?

तिथून पुढं सात वर्षं आमच्या दोन घरांचा सगळा संसार देवामार्फत चालला. दोघी एकही बुधवार चुकवायच्या नाहीत. अंगात ताप असला तरी यायच्या. आमच्या चर्चचे पाळकसाहेब त्या वेळी म्हातारे होते, डोळे मिटले की त्यांना हमखास डुलकी लागायची. मंडळीतल्या या दोन बहिणींची प्रार्थनेची ओढ पाहून ते रविवारी उपदेशात त्यांचं उदाहरण द्यायचे.

शेवटी प्रार्थना कोण करणार, यावर खरी चढाओढ असायची. जी शेवटी करेल तिचा शब्द शेवटचा. त्यामुळं बाकी सगळ्यांच्या प्रार्थना आटोपल्या की दोघी गप्प बसायच्या, दुसरी कधी सुरू करते याची वाट पाहत. दोन-दोन, तीन-तीन मिनिटं जायची. गॅसबत्तीचा फुसफुस आवाज, कुठं तरी चहाचं आधण, एखाद्या म्हाताऱ्याचा खोकला. पाळकसाहेबांनी एकदा डोळे पुसत सांगितलं की अशी पवित्र शांतता त्यांनी नगरच्या चर्चमध्येसुद्धा अनुभवलेली नाही.

भांडण तापलं की भाषा घसरायची. सुरुवात 'हे करुणासागर परमेश्वरा'नं व्हायची, मध्येच कुठं तरी 'आहे'चं 'हाय' व्हायचं आणि 'नाही'चं 'न्हाई', आणि मग समजायचं की आता देव बाजूला पडला. ते कळल्यावर त्या पुन्हा सावरून, 'येशूच्या पवित्र नावानं मागते' असं म्हणून शेवट नीट करायच्या.

आमच्या दारासमोर गयाबाई राहायच्या. त्या काही ख्रिस्ती नव्हत्या, शेतकरी घरातल्या, घरात खंडोबाचा टाक. पण बुधवारी संध्याकाळी स्वयंपाक आवरून त्या प्रार्थनेच्या घराच्या पायरीवर येऊन बसायच्या, पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून. त्यांच्या सुनेनं विचारलं तर म्हणायच्या, "रेडुवर काय ऱ्हातंय? हितं घरचं कळतंय."

आणि खरंच, सगळंच भांडण नसायचं. निम्म्याहून जास्त निरोप कामाचे असायचे. "प्रभू, उद्या नळाला पहाटंच पाणी येणार आहे, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांना तू जागं कर." "हे बापा, म्हशीला दोन दिवसांपासून रवंथ नाही, ज्यांच्याकडं सकाळची पाळी आहे त्यांनी तिला हिरवं जास्त घालू नये, अशी त्यांना प्रेरणा दे." प्रेरणा मिळायची. दुसऱ्या दिवशी म्हशीपुढं कोरडी वैरण असायची.

मला एकदा मोठा ताप आला. बुधवार आला तेव्हा मी आत गोधडीत होते आणि बाहेरच्या खोलीत प्रार्थना चालली होती. मोठीआईचा आवाज मला गोधडीतून ऐकू आला. ती देवाला सांगत होती की या घरातल्या पोरीच्या आईला आठवण दे, गोठ्यामागच्या लिंबावर गुळवेल आहे, आणि काढा करताना पाणी निम्मं आटेपर्यंत चुलीवरून उतरवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला काढा पाजला. इतका कडू की मला देवाचाच राग आला. तीन दिवसांत ताप गेला. पुढच्या बुधवारी आईनं आभार मानले. म्हणाली, "हे प्रभू, ज्या कुणाच्या मुखातून तू बोललास, त्या मुखाला आशीर्वाद दे." मग थोडं थांबली. तिला ते तसंच सोडणं जड गेलं असावं. "आणि इतर वेळी ते मुख आवर."

या सगळ्यात बिचारे पुरुष होते. दादा आणि आबा, दोघं भाऊ, दोघं कारखान्यात, एकाच पाळीला. त्यांच्यात कसलंच भांडण नव्हतं, पण बायका बोलत नाहीत म्हटल्यावर घरात त्यांनाही तोंडं फिरवून बसावं लागायचं. कारखान्यातून दोघं सायकली बरोबर हाकत, गप्पा मारत, एका डबीतली तंबाखू चोळत यायचे. गल्लीच्या वळणावर आबा उतरून वडाखाली थांबायचे आणि दादा पुढं यायचे. पाच मिनिटांनी आबा, अनोळख्यासारखे. हे मला ठाऊक होतं, कारण वडाखाली आम्ही खेळायचो. ते कुणाला न सांगण्याबद्दल मला आठवड्याला दोन लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या, एक दादांकडून आणि एक आबांकडून.

मी तेरा वर्षांची झाले त्या वर्षी म्हातारे पाळकसाहेब निवृत्त झाले आणि नवे आले. तरुण, हडकुळे, चष्मा लावलेले. चार गावं त्यांच्याकडं होती आणि ती ते एका मोपेडवरून सांभाळायचे. त्यांना डुलकी लागत नव्हती, हीच अडचण झाली. पहिल्याच बुधवारी प्रार्थनेनंतर चहा पिताना त्यांनी भोळेपणानं विचारलं की ज्यांनी दोरीवरचे ओले कपडे ढकलून आपले वाळत घातले, ते बंधू कोण? आपण त्यांना भेटायला जाऊ. सगळ्यांनी चहात तोंड घातलं.

चार-पाच बुधवारांत त्यांच्या सगळं लक्षात आलं. ते रागावले नाहीत. फक्त उपासाचे चाळीस दिवस सुरू होण्याआधीच्या रविवारी त्यांनी प्रार्थनेवर उपदेश दिला. म्हणाले, आपण देवाशी बोलतो, की देवाच्या आडून माणसांशी? प्रार्थना म्हणजे काही पोस्टाची पेटी नव्हे. आणि मग त्यांनी जाहीर केलं की ईस्टरपर्यंत बुधवारची प्रार्थना मूक होईल. भजनं मोठ्यानं, वाचन मोठ्यानं, प्रार्थना मनात.

आईनं घरी येऊन पाण्याचा हंडा जरा जोरात ठेवला. पलीकडंही काही तरी आपटलं. सात वर्षांत दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

मूक प्रार्थनेनं आमच्या अंगणात हाहाकार माजला. पहिल्याच आठवड्यात नळाचं पाणी दुपारी यायला लागलं, ते मोठीआईला कळलं, आम्हांला नाही. आम्ही चार दिवस पहाटे उठून कोरड्या नळापुढं बसलो. दुसऱ्या आठवड्यात म्हशीला दोन्ही घरांनी पेंड घातली आणि ती फुगून बसली. तिसऱ्या आठवड्यात, ती पुन्हा फुगू नये म्हणून, दोन्ही घरांनी घातली नाही. रात्री तिनं असा हंबरडा फोडला की दादा आणि आबा दोघेही कंदील घेऊन बाहेर आले आणि, कुणी तरी पाहतंय म्हणून, एकमेकांकडं न बघता तिला वैरण घालून परत गेले. गयाबाईंनी दोन बुधवार वाट पाहिली. तिसऱ्या बुधवारी त्यांनी आईला विचारलं, "तुमचा देव रुसला का गं बाई?"

त्याच मूक बुधवारांतली एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. ऐकायला काही नसलं की डोळे मिटून बसवत नाही. मी ते उघडले. सगळ्यांचे डोळे मिटलेले, फक्त मोठीआईचे उघडे. ती गॅसबत्तीकडं पाहत होती, मान जरा या बाजूला, जरा त्या बाजूला करत, काही तरी शोधत असल्यासारखी. मग तिनं पदरानं डावा डोळा दाबून धरला. मला वाटलं आपण पकडले गेलो, म्हणून मी तिच्याकडं बघून हसले. ती हसली नाही. तिला मी दिसलेच नव्हते. मी डोळे मिटून घेतले आणि कुणाला काही बोलले नाही.

पुढं तिनं सांगितलं की तेव्हा तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, इंद्रधनुष्यासारखी, आणि कपाळ ठणकायचं. आबांना सांगितलं तर ते म्हणायचे, चष्मा करू. चारचौघींत ती दुखण्याचं कधी बोलायची नाही. बुधवारी बोलली असती, देवाला, सगळ्यांच्या देखत. तेवढी एकच जागा होती तिला.

एका सोमवारी सकाळी आम्ही उठलो तर पलीकडच्या दाराला कुलूप. मंगळवारीही कुलूप. आई येता-जाता कुलपाकडं बघायची. माहेरी गेली असेल, ती स्वतःशीच म्हणाली, पण मग म्हशीची पाळी अशी सोडून? बुधवारी मूक प्रार्थनेत मोठीआईची जागा रिकामी होती. सगळ्यांनी मनात प्रार्थना केली आणि कुणाच्या मनात काय आहे ते कुणालाच कळलं नाही.

घरी आल्यावर आई चुलीपुढं बसली, पण तिनं जाळ केला नाही. दादा गोठ्याकडं निघाले होते. आईनं त्यांच्याकडं न बघता विचारलं, "पलीकडची मानसं कुठं गेली?"

दादांनी म्हशीच्या दाव्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाले, "नगरला. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. सोमवारी पहाटं लई दुखाया लागलं, ओकाऱ्या झाल्या. दुधाच्या टेम्पोतनं नेलं."

"आनि तुमाला कसं ठाऊक?"

दादांनी दावं पुन्हा हातात घेतलं.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"आबानं. फॅक्टरीत फोन आल्ता त्याचा."

"तुमी आबाशी बोलता?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलले नव्हते, हे मी डोळ्यांनीच सांगितलं. "रोजच," ते म्हणाले.

मला वाटलं आता पत्रे उडणार. पण आई उठली, परातीत पीठ घेतलं आणि म्हणाली, "तुमचं आल्यावर बघते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी नगरला गेलो. आईनं मांडीवर डबा धरला होता, दोन्ही हातांनी, जणू कुणी तो हिसकावून घेणार होतं. दवाखान्यात आबा पायऱ्यांवरच भेटले. आईला बघून ते सवयीनं तोंड फिरवायला लागले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता कशाला. त्यांनी सांगितलं की डोळ्यात आतून दाब वाढला होता. उजवा वाचेल, डाव्याचं अजून सांगता येत नाही. आणखी दोन दिवस आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आबा औषधं आणायला गेले आणि आम्ही आत गेलो.

मोठा वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, फिनेल आणि मोसंबीच्या सालींचा वास. मोठीआई उताणी पडली होती, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. एवढी थोरली बाई, ती खाटेवर एवढीशी दिसत होती. आमच्या पावलांचा आवाज आला तशी ती म्हणाली, "कोन हाय?"

आई बोलली नाही. मी तोंड उघडलं तर तिनं मला चिमटा काढला. तिनं डबा शेजारच्या कपाटावर ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. ओठ हलत होते, पण सात वर्षांनी पहिला शब्द कुठला काढायचा, हे तिला सापडेना. मग तिनं पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले.

"हे दयाळू स्वर्गीय बापा," आई म्हणाली.

मोठीआई ताठ झाली.

"या खाटेवर तुझी एक दासी पडली आहे. तिला तू विचार, प्रभू. एवढं दुखत होतं, तर शेजारच्या दाराची कडी वाजवायला तिचा हात का उचलला नाही?"

पांघरुणावर मोठीआईचे हात चाचपडत एकमेकांजवळ आले आणि जोडले गेले. डोळे तर तिचे मिटलेलेच होते.

"हे प्रभू, तू साक्षी आहेस," ती म्हणाली. "मी दारापर्यंत गेले होते. कडीला हात लावला होता." तिचा आवाज घसरला. "पन काय म्हनून हाक मारू, तेच सुचंना. सात वर्सं नाव घेतलं न्हाई. तशीच माघारी आले."

एव्हाना वॉर्डात सामसूम झाली होती. प्रार्थना चालली आहे असं समजून लोकांनी बोलणं थांबवलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पदर डोक्यावर घेतला. समोरच्या खाटेवर दाढीवाले एक चाचा होते, त्यांनी दोन्ही तळहात वर केले. इंजेक्शन घेऊन आलेली नर्स सुई तशीच धरून उभी राहिली.

आईचे डोळे मिटलेले होते, पण त्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती. "प्रभू, तिला सांग," ती म्हणाली, "माजं नाव सुमन हाय. सात वर्सं झाली तरी तेच हाय."

मग दोघी गप्प झाल्या. ही शांतता मला ओळखीची होती. शेवटचा शब्द कुणाचा, याची. पण या वेळी तो कुणालाच नको होता. बराच वेळ गेला, नर्सनं पाय बदलला, आणि अखेर समोरचे चाचा दमून म्हणाले, "आमीन."

सगळ्या वॉर्डानं सुटकेचा श्वास सोडला.

"सुमन," मोठीआई म्हणाली, "डब्यात काय हाय?"

"पिठलं अन् भाकर."

"लोनचं?"

"लोनच्याचं नाव काढू नका, अक्का," आई म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. नर्स रागावली, डोळ्याला ताण येईल म्हणाली, पण त्या थांबेनात.

संध्याकाळी पाळकसाहेब मोपेडवरून आले. आईनं त्यांना व्हरांड्यात गाठून जे ऐकवलं, ते मी इथं लिहीत नाही. ते तरुण गृहस्थ खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले की बोलणं बंद करा असं सांगणं मला सोपं वाटलं. त्यानंतर घरोघर जाऊन तुम्ही कशा आहात हे विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. आईला वाद घालायचा होता, तो असा हातातून निसटला. तिनं त्यांना उरलेली भाकरी खायला घातली.

मोठीआईचा उजवा डोळा वाचला. डाव्यानं तिला आयुष्यभर दुधी काचेतून बघितल्यासारखं दिसायचं. मी तिला त्या बुधवारचं, गॅसबत्तीकडं बघण्याचं, खूप वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "तुला काय कळतंय त्या वयात." पण तेरा वर्षांच्या मुलीला कळतं थोडं.

ईस्टरनंतर मोठ्यानं प्रार्थना पुन्हा सुरू झाल्या आणि लगेच एक नवीन संकट आलं. त्यांत काही रामच राहिला नाही. आई आणि मोठीआई आता शेजारी बसायच्या आणि दोन वाक्यांत आटपायच्या. "प्रभू, आम्हां सर्वांना आशीर्वाद दे, आमेन." गयाबाई एकदा आल्या, मध्येच उठून गेल्या, आणि त्यांनी टीव्ही घेतला. आमच्यातलीही तीन-चार घरं गळाली. पुढच्या पावसाळ्यात एका बुधवारी फक्त नऊ माणसं होती, तेव्हा पाळकसाहेबांनी चहा घेता घेता, निम्म्या थट्टेनं आणि निम्म्या आशेनं विचारलं की सध्या कुणाचं काही भांडण वगैरे आहे का.

गेले ते बुधवार. गॅसबत्ती भंगारात गेली, सतरंजीची पोतेरी झाली. आता प्रार्थनेच्या विनंत्या मोबाईलवर येतात, खाली जोडलेल्या हातांची चित्रं येतात, आणि आई चष्मा लावून एकेक वाचते. कुणी आवाजात प्रार्थना पाठवली तर मोबाईल कानाला लावून शेवटपर्यंत ऐकते आणि म्हणते, "हिचं बाकी काय तरी बिनसलंय घरात."

हे सगळं मी पायरीवर बसून तिला आठवण करून देत होते आणि ती हसत होती. ऊन उतरायला लागलं होतं. मग मला एक प्रश्न पडला, जो इतकी वर्षं पडला नव्हता. मी विचारलं, "आई, तुमचं बोलणं सुरू झाल्यावर देवाला सांगायला काय उरलं गं? सात वर्षं तर त्याला तुम्ही नुसतं पळवत होता."

पायरीवरचा शेवग्याचा पाला तिनं हातानं बाजूला केला.

"लई अवघड गेलं," ती म्हणाली. "पयल्या बुधवारी घरी येऊन दार लावून बसले. म्हनलं, बापा, आज कुनाचा निरोप न्हाई. अन् पुढं काय बोलावं तेच येईना. आपली त्याची वळखच न्हवती तशी."

"मग?"

"मग काय. बसले गप."

"आणि तो?"

"तोबी गप," आई म्हणाली. "दोगं बसलो मग."